वीस बाजूंचा फासा मराठीत टाकताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन टेबलाभोवती फासे टाकत खेळायचा खेळ. त्याच्या नियमांची छोटी मराठी पुस्तिका ९ नोव्हेंबर २०२५ ला नेटवर चढली. ए-फाइव्ह आकाराची २४ पानं, दोन पानांचं पात्रपत्रक आणि शोधता येईल असं एक साधं वेबपेज, एवढाच पसारा. काम तिघांचं, वेळ साडेपाच महिने, खर्च १,९२६ रुपये. यातले पहिले दोन आठवडे पूर्ण वाया गेले आणि पुढचे दोन महिने भलत्याच गोष्टींची भीती बाळगण्यात. कोणी कानडीत, कोकणीत किंवा मराठीतच दुसऱ्या एखाद्या खेळासाठी असं काही करणार असेल, तर कुठे काय अडतं ते क्रमाने लिहून ठेवतो.

सुरुवात २५ मेला झाली आणि चुकीच्या टोकाने झाली. टेबलावर विकतचं नियमपुस्तक होतं, ते उघडून भाषांतर सुरू केलं. ८ जूनपर्यंत २२ पानं तयार. मग ‘हे लोकांना वाटता येईल का?’ हा प्रश्न पडला, जो आधी पडायला हवा होता. उत्तर सरळ होतं: नाही. विकतच्या पुस्तकाचं भाषांतर फुकट वाटलं तरी ती मालकाच्या परवानगीशिवाय केलेली नक्कलच. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांचं चाहत्यांसाठी एक धोरण आहे, फॅन कंटेंट पॉलिसी. त्यात चित्रं, कथा, व्हिडिओ यांना बरीच मोकळीक आहे, पण नियमांचा मजकूर जसाच्या तसा पुन्हा वाटणं त्यात बसत नाही. २२ पानं बाजूला ठेवली. पुसली नाहीत, कारण त्यातले काही शब्द पुढे उपयोगी पडले.

मग १० ते २० जून फक्त परवाने वाचले. कंटाळवाणं काम, पण हेच आधी करायचं असतं. रस्ते तीन आहेत.

पहिला वर सांगितलेल्या फॅन कंटेंट पॉलिसीचा. वस्तू फुकट द्यायची, कंपनीचे लोगो वापरायचे नाहीत, आणि हे अनधिकृत आहे असं सांगणारी त्यांनी ठरवून दिलेली सूचना छापायची. दुसरा डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानाचा. तिथे फरगॉटन रेल्म्ससारखी त्यांची जगं वापरता येतात आणि विक्रीही करता येते, पण ती वस्तू मग तिथेच विकायची आणि किमतीतला निम्मा वाटा लेखकाला. तिसरा रस्ता सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंटचा, म्हणजे एसआरडीचा. खेळाच्या गाभ्याचे नियम कंपनीने स्वतः एका वेगळ्या दस्तऐवजात काढून दिलेत आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेयनिर्देश ४.०’ परवान्याखाली आहेत. भाषांतर करा, कापा, वाढवा, विका. परवानगी मागायची गरज नाही. नियमांच्या भाषांतराला हाच रस्ता.

‘उद्या त्यांनी परवाना मागे घेतला तर?’ ही शंका आम्हाला बरेच दिवस छळत होती, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. २००० सालापासून हे सगळं ओपन गेम लायसन्स नावाच्या कंपनीच्या स्वतःच्या परवान्यावर चालत होतं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या नव्या, जाचक मसुद्याची बातमी फुटली आणि जगभरचे खेळाडू आणि छोटे प्रकाशक खवळले. तो गोंधळ मिटवायला २७ जानेवारी २०२३ ला कंपनीने एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकलं. हा परवाना कंपनीच्या घरचा नाही आणि अटी पाळल्या तर तो परत घेता येत नाही. त्यामुळे ही शंका इथेच सोडून द्यावी.

५.१ घ्यायचं की नवं? २२ एप्रिल २०२५ ला एसआरडी ५.२ आलं, पाठोपाठ दुरुस्त्या केलेलं ५.२.१. आम्ही ५.२.१ घेतलं. एक कारण, नव्याने खेळायला बसणाऱ्याच्या हाती आता नवी पुस्तकं येणार. दुसरं, त्यात पात्र तयार करण्याचे टप्पे आहेत. सहा गुणांना वाटायचे १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडेसुद्धा त्यात मिळतात. तिसरं, थकव्याचा नियम सोपा झालाय. पूर्वी थकव्याच्या सहा पायऱ्यांना सहा वेगवेगळे परिणाम होते, आता प्रत्येक पायरीला फाशाच्या आकड्यातून २ वजा आणि चालीतून ५ फूट वजा, सहाव्या पायरीला मरण. भाषांतरात सहा ओळींऐवजी एक ओळ.

एसआरडीत सगळं नसतं, हे आधीच समजून घ्यावं. बारा वर्ग (लढवय्या, जादूगार असे पात्रांचे प्रकार) आहेत, पण प्रत्येकाचा एकच उपवर्ग. पात्राच्या पूर्वायुष्याच्या पार्श्वभूमी चारच. बिहोल्डर, माइंड फ्लेअर हे कंपनीचे ठेवणीतले राक्षस त्यात नाहीत. त्यांचं नाव घालायचा मोह झाला की तिसऱ्या रस्त्यावरून घसरून पहिल्यावर आलात असं समजा. दोन्ही रस्ते एका पुस्तिकेत मिसळू नयेत. मग कुठलं पान कुठल्या अटीखाली आहे हे तुम्हालाच सांगता येत नाही.

श्रेयाचं वाक्य कसं लिहायचं ते एसआरडीच्या सुरुवातीलाच दिलंय. ते शब्दशः इंग्रजीतच छापलं आणि खाली त्याचं मराठी दिलं. त्याशिवाय कंपनीचा दुसरा कुठलाही उल्लेख श्रेयात करू नका अशी विनंतीही तिथेच आहे, म्हणून ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ वगैरे गोड वाक्यं काढून टाकली. मुखपृष्ठावर खेळाचं नाव नाही, फक्त ‘फाइव्ह-ईशी सुसंगत’, म्हणजे खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी. एवढं लिहायची मुभा आहे. शिवाय मूळ मजकुरात काय बदललं ते सांगणं परवान्यानुसार बंधनकारक आहे. आम्ही एक ओळ टाकली: भाषांतर, संक्षेप आणि क्रमात बदल. हे बहुतेक जण विसरतात.

आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचीही चौकशी केली. आपल्याकडे तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. पण फुकट वाटायच्या २४ पानांना त्याची गरज नाही, म्हणून अर्ज केला नाही.

२१ जूनपासून खरं काम सुरू झालं. एसआरडी साडेतीनशेहून अधिक पानांचं आहे. सगळं करायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. पहिल्या ते तिसऱ्या पातळीपर्यंत खेळायला जे लागतं तेवढंच घ्यायचं: दान, गुण, लढाई, पंधरा अवस्था (बेशुद्ध, आडवं पडणं अशा), चार वर्ग, वीसेक मंत्र आणि बारा प्राणी. त्याआधी शब्दसूची. तक्त्यात पाच रकाने केले: मूळ शब्द, मराठी शब्द, त्याचं सामान्यरूप, नाकारलेले पर्याय आणि नाकारण्याचं कारण. जुलै संपेपर्यंत ३१२ शब्द झाले. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी, कारण तिघांपैकी कोणी ना कोणी दर आठवड्याला तोच वाद नव्याने काढायचा.

फासा टाकणं आणि जो आकडा येतो तो, या दोन्हीला आधी आम्ही ‘फेक’ म्हणत होतो: हल्ल्याची फेक, बचावाची फेक. वाचायला रुक्ष. मग सारीपाटाचा शब्द आठवला, दान. दान पडलं, दान फळलं, उलटं दान पडलं. हे मराठीत आधीपासूनच आहे. ‘बचावाचं दान’ म्हटल्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शब्द बदलायचं ठरलं आणि तक्त्यात ठेवलेल्या सगळ्या मजकुरात शोधा-आणि-बदला चालवलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रांच्या पानावर ‘भाला ३० फुटांपर्यंत दानून मारता येतो’ असं वाक्य सापडलं. ‘फेकून’मधला ‘फेक’ही बदलला होता. मराठीत शब्द प्रत्ययांत आणि क्रियापदांत दडलेले असतात, म्हणून एका झटक्यात सगळं बदलायचं नाही. एकेक जागा बघत, होकार देत पुढे जायचं. एवढ्या मजकुराला त्यासाठी एक रविवार पुरतो.

‘टर्न’चंही तसंच झालं. ‘आता तुझी पाळी’ हे स्वाभाविक मराठी आहे, पण पुस्तिका शाळा-कॉलेजच्या मुलामुलींच्या हाती जाणार, आणि ‘पाळी आली की काय करायचं’ या मथळ्यावर टेबल अर्धा तास हसणार. लपाछपीतलं ‘राज्य’ अर्थाने उलट पडतं. ‘डाव’ म्हणजे अख्खा खेळ. शेवटी एकाची ती ‘खेळी’ आणि सगळ्यांची मिळून ‘फेरी’. ‘रिॲक्शन’ मात्र तसाच ठेवला. ‘प्रतिक्रिया’ म्हटलं की मराठी माणसाला आता वर्तमानपत्रातली प्रतिक्रिया आठवते.

वर्गांची नावं हा सगळ्यात नाजूक भाग. फायटरला ‘लढवय्या’ छान बसतं. विझर्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक या तिघांनाही शब्दकोश ‘जादूगार’ म्हणतो. खेळात मात्र एकाची विद्या पुस्तकातून येते, दुसऱ्याची रक्तातून, तिसऱ्याची कोणाशी तरी केलेल्या करारातून. ‘बार्बेरियन’ला ‘रानटी’ म्हणणं आम्हाला पटलं नाही. रानात राहणाऱ्या माणसांना शिवी म्हणून तो शब्द इथे वापरला गेलाय. ‘मंक’ला ‘भिक्षू’ म्हटलं की बौद्ध भिक्षू डोळ्यापुढे येतो, आणि तो काही कोणाला लाथ मारत नाही. ड्वार्फला ‘बुटका’ म्हटलं की परीकथेतले सात जण रांगेत उभे राहतात. निकाल असा लागला की वर्ग आणि वंशांची नावं मूळचीच देवनागरीत, आणि प्रत्येकाखाली एक ओळ मराठी ओळख. टेबलावर मुलं तसंही ‘मी रोग घेतो’ म्हणतात. हो, ‘रोग’, म्हणजे लपूनछपून वार करणारा चोरटा. म्हणून तिथे लेखन ‘रोऽग’ केलं. छापखान्यातल्या माणसाने आजारांचं पुस्तक आहे का असं विचारल्यावर.

मग आले आपलेच शब्द परदेशी जाऊन आलेले. एसआरडीच्या प्राण्यांत ‘राक्षस’ नावाचा एक विशिष्ट प्राणी आहे. या खेळाच्या परंपरेत तो वाघाच्या तोंडाचा, तळहात उलटे असलेला, रूप बदलून माणसांत वावरणारा. तिथेच ‘देवा’ आहे, पण तो देव नव्हे, देवदूतांचा एक प्रकार. ‘नागा’ही आहेत, राखणदार आणि दुष्ट अशा दोन जातींचे. मराठीत ‘राक्षस’ म्हणजे कुठलाही धिप्पाड दुष्ट. आमच्या पहिल्या मसुद्यात तर ‘मॉन्स्टर’लाच सगळीकडे राक्षस म्हटलेलं होतं. त्यामुळे ‘राक्षस या राक्षसाची चाल ४० फूट’ असं वाक्य तयार झालं. तोडगा: मॉन्स्टरला ‘प्राणी’ किंवा ‘शत्रू’, आणि त्या एकाला ‘वाघमुखी राक्षस’. देवाला ‘देवा’ असंच ठेवलं, पण सामान्यरूप होऊ दिलं नाही. ‘देवाने तलवार उपसली’ लिहिलं की घरातल्या मोठ्यांना वेगळंच वाटतं. ‘देवा-दूताने’ लिहिलं. (तो प्राणी दहाव्या पातळीच्या आसपासच्या पात्रांसाठी आहे, म्हणून २४ पानांत अखेर आलाच नाही. शब्दसूचीत बसलाय.)

भुतांच्या बाबतीत मोह फार झाला. घूल, रेथ, वाइट अशा परक्या नावांऐवजी खवीस, हडळ, मुंजा, झोटिंग घालावेत असं तिघांनाही वाटत होतं. दोन प्राणी तसे करूनही पाहिले. घात असा की मुंजा म्हटल्यावर वाचणाऱ्याला त्याचे नियम आधीच ठाऊक असतात: तो पिंपळावर राहणार, सोडमुंज न झालेला मुलगा असणार. आकडे मात्र घूलचे: पंजा लागला की अंग लुळं पडतं. चाचणीत एकाने थेट विचारलं, ‘मुंजा आहे ना, मग सोडमुंज लावून टाकू. लढायचं कशाला?’ प्रश्न बिनतोड होता. मुंजासाठी नवे आकडे आणि नवे नियम लिहायला हवेत. जुन्या आकड्यांवर नाव चिकटवून भागत नाही.

मोजमापांत आपल्याला नशिबाने साथ दिली. फ्रेंच, जर्मन भाषांतरांत ५ फुटांचे दीड मीटर करावे लागतात. आपण अजून घराची खोली, माणसाची उंची फुटांतच सांगतो. चौकोन ५ फुटांचा, चाल ३० फूट, तसंच ठेवलं. वजनाचे पौंड तेवढे अर्धे करून किलो केले. काटेकोर नाही, पण पाठीवरच्या झोळीला पुरेसं.

ऑगस्टमध्ये भाषांतर. गणपतीत काम बंद. या टप्प्यावर दोन गोष्टींनी घाम काढला.

एक, संबोधन. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की झालं. मराठीत ‘तू हल्ला करतोस’ म्हटलं की मुली बाहेर, ‘तुम्ही हल्ला करता’ म्हटलं की वीजबिलामागच्या सूचना. पंधरा दिवस दोन्ही करून पाहिलं. मग लक्षात आलं की आपण पत्त्यांचा डाव किंवा लगोरी शिकवताना कसं बोलतो: ‘आधी पानं वाटायची. मग उतारी करायची.’ तेच घेतलं. ‘वीसचा फासा टाकायचा. त्यात गुणाची भर मिळवायची. बेरीज सांगायची.’ लिंग नाही, तू-तुम्ही नाही, वाक्यंही आखूड. अवस्थांनाही हेच: ‘बहिरा’, ‘आडवा’ लिहिलं की लिंग आलं, म्हणून ‘बहिरेपण’, ‘आडवं पडणं’, ‘पकडीत’, ‘बेशुद्ध’.

दोन, मोठी अक्षरं. नव्या इंग्रजी नियमांत जो शब्द पारिभाषिक आहे त्याचं पहिलं अक्षर मोठं असतं. साधा हल्ला आणि ‘हल्ला’ ही ठराविक कृती यांतला फरक त्यावरून कळतो. देवनागरीत मोठी अक्षरंच नाहीत. आधी असे सगळे शब्द ठळक केले, तर पानाला गोवर आल्यासारखा दिसायला लागला. मग पारिभाषिक अर्थाला जोडशब्दच केले: हल्ला-कृती, लपण-कृती, मदत-कृती. ठळक फक्त व्याख्येच्या जागी, एकदाच.

१४ आणि २८ सप्टेंबर, दोन रविवार, चाचणी. कधीच न खेळलेल्या चार जणांना मसुदा दिला, शेजारी बसलो आणि तोंड बंद ठेवलं. हे तोंड बंद ठेवणं अवघड असतं, पण समजावून सांगितलं की चाचणी फुकट जाते. एक गॉब्लिन, चिलखत-अंक (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १५, जीव १०. खेळणाऱ्याची भर ५. फाशावर १० पडले, बेरीज १५, आणि टेबलावर सगळे म्हणाले, ‘हुकलं.’ मसुद्यात आम्ही लिहिलं होतं: ‘बेरीज चिलखत-अंकाच्या वर गेली तर हल्ला लागतो.’ मूळ नियम तितकीच किंवा जास्त असा आहे. वीसातली एक बाजू म्हणजे ५ टक्के, प्रत्येक हल्ल्यातून नुसत्या एका शब्दाने गेलेले. आता वाक्य असं आहे: ‘बेरीज चिलखत-अंकाइतकी किंवा जास्त झाली की हल्ला लागला. बरोबरी म्हणजे लागला.’

तसंच ‘५ फुटांच्या आत’. शेजारच्या चौकोनातला शत्रू बरोबर ५ फुटांवर असतो. ‘आत’ म्हटलं की लोकांनी त्याला वगळलं. ‘५ फुटांपर्यंत’ केलं. आणि गुणावरून भर काढण्याचा नियम: दहा वजा करा, निम्मं करा, खाली पूर्णांक घ्या. ९ गुण असलेल्याने वजा अर्ध्याचं शून्य केलं. उत्तर वजा १ हवं. ऋण संख्येत ‘खाली’ म्हणजे काय हे खेळताना कोणी आठवत बसत नाही. नियम काढून टाकला आणि तक्ता टाकला: ८–९ ला −१, १०–११ ला ०, १२–१३ ला +१, असं पुढे. पात्रपत्रकाच्या कोपऱ्यात तो तक्ता आहे, आणि त्याखाली मरणाच्या दारातली सहा वर्तुळं: १० किंवा जास्त पडलं की वरच्या तिनातलं एक भरायचं, कमी पडलं की खालच्यातलं. फाशांवर इंग्रजी आकडेच कोरलेले असतात, म्हणून पत्रकावरही तेच ठेवले. हाताने लिहिताना १ आणि ९ यांची होणारी गल्लतही त्याने टळली. पुस्तिकेच्या मजकुरात मात्र मराठी आकडे.

एका गोष्टीचा अंदाज चुकला तो चित्रांचा. मुखपृष्ठासाठी नेटवर आवडलेलं एक चित्र वापरायची परवानगी मागितली. सतरा दिवस वाट पाहिली, उत्तर आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे नकार, असंच धरायचं. गेम-आयकॉन्स डॉट नेटवरची छोटी काळी चिन्हं घेतली. ती क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ३.० खाली आहेत आणि प्रत्येक चिन्हाच्या कलाकाराचं नाव द्यावं लागतं. चिन्ह उतरवतानाच नाव तक्त्यात टाका. शेवटी शोधायला बसलो तेव्हा चौदापैकी पाच कोणाची हे आठवेना.

ऑक्टोबर मांडणीत गेला. पिवळसर पान आणि लाल मथळे देणारं होमब्रुअरी हे साधन चाहत्यांत लोकप्रिय आहे, पण त्याच्या नक्षीदार फाँटांत देवनागरी नाही. देवनागरीच्या जागी संगणक आपल्या मनाचा फाँट घालतो आणि ओळी एकमेकींवर चढतात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये काम केलं. तिथे एक गोम आहे: देवनागरीसाठीचा फाँट रोमनपेक्षा वेगळ्या रकान्यात, ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’खाली निवडावा लागतो. तो न निवडता तासभर फाँट बदलत बसलात तरी अक्षर हलत नाही. मजकुराला ‘मुक्त’ नावाचा फाँट, साडेदहा पॉइंट. मथळ्यांना तिरो देवनागरी मराठी. दोन्ही खुल्या परवान्याचे, पीडीएफमध्ये घालायला मोकळे. ओळींत अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

शोध चालेना, याचं कारण सापडायला चार दिवस गेले. तिघांपैकी एक मोबाइलवर टाइप करत होता, दोघे संगणकावर. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्ता असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला हुबेहूब, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲक्शन’च्या ॲचंही तेच. आधीच एक प्रकार ठरवा आणि शेवटी सगळा मजकूर त्यात आणा. फासा–फाशाचा असा बदलही शोधाला कळत नाही, म्हणून वेबपेजवर प्रत्येक नोंदीखाली सामान्यरूप लपवून ठेवलंय. शब्दसूचीतला तिसरा रकाना इथे कामाला आला. आणि पीडीएफवर शोधासाठी विसंबू नका. त्यातलं ‘किल्ला’ उचलून वहीत चिकटवलं तर वेलांटी सुटून पुढे जाऊन बसते. म्हणून वेबपेज मुख्य, पीडीएफ छापण्यापुरती. वेबपेज गिटहब पेजेसवर फुकट आहे, नावाचे वर्षाला ७५० रुपये.

छपाईचा पहिला घाणा दिवाळीआधी बिघडला. छापखान्यात फाइल त्यांच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडली गेली आणि जोडाक्षरं फुटली: ‘शस्त्र’चं ‘शस्‌त्‌र’. बारा प्रती, प्रत्येकी २८ रुपये, ३३६ गेले. चूक आमचीही, कारण नमुना न बघता होकार दिला. दुसऱ्या वेळी सगळी अक्षरं आकृत्यांत बदललेली पीडीएफ दिली, एक प्रत काढून ‘शस्त्र’, ‘दृष्टी’, ‘र्‍हास’, ‘क्लृप्ती’ हे चार शब्द तपासले, मग तीस प्रती. ८४० रुपये. पानांची संख्या चारच्या पटीत असू द्या. आमची आधी २३ होती आणि शेवटचं पान कोरं गेलं असतं, तिथे परवाना आणि श्रेय बसवलं.

९ नोव्हेंबरला चढवल्यापासून चुका कळवायचा एक फॉर्म आहे. पहिल्या महिन्यात १९ नोंदी आल्या. सात शुद्धलेखनाच्या. चार जणांनी पुढच्या पातळ्या मागितल्या. तिघांनी ‘दान’ ऐवजी सरळ ‘रोल’ लिहा म्हटलं, दोघांनी ‘दान’ आवडल्याचं कळवलं. उरलेल्या तीन नियमांच्या, त्यातली एक खरी चूक: वरचढपणा (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) दोन कारणांनी मिळाला तरी फासे दोनच टाकायचे, हे वाक्य मांडणीत गळलं होतं, आणि एका टेबलाने तीन टाकले. १.१ आवृत्तीत ते पान ९ वर परत आलंय. छापलेल्या तीस प्रतींसाठी त्याची चिकटपट्टी केली आहे. एका ए-फोर कागदावर चाळीस बसतात.